कागदाखालचं गाणं

नवशिका माणूस रेकॉर्ड कडेने धरत नाही. तो ती थाळीसारखी धरतो, बोटांचे ठसे उमटवतो आणि मग आपल्याला ओरडता येतं. हा मात्र आमच्या रेकॉर्डच्या दुकानात शिरला, दोन तळव्यांच्या मध्ये एक रेकॉर्ड अलगद उचलली, उजेडात तिरकी करून चरे पाहिले आणि मला म्हणाला, "मला रेगेतलं काही कळत नाही. जपानी कलाकारांची गाणी ऐकायची आहेत. सुरुवात कशानं करू?"

मला तिथेच संशय आला. त्यात तो दिसायला बरा होता. उन्हातून जिना चढून आल्यामुळे कपाळावरचे केस ओले झाले होते... म्हणजे तर संशयाला आणखीच जागा.

ऑगस्टच्या अखेरीस सुमा इथल्या समुद्रकिनाऱ्यावर आमच्या तेप्पान साउंड या रेगे वाजवणाऱ्या मंडळाची निशिकाझे साउंड या दुसऱ्या मंडळाशी जुगलबंदी व्हायची होती. दोन बाजूंना स्पीकरच्या भिंती, मध्ये लोक. आलटूनपालटून गाणी लावायची आणि ज्याच्या गाण्याला जास्त ओरडा, तो जिंकला. एकच नियम कडक: एकानं वाजवलेलं गाणं दुसऱ्याला वाजवता येत नाही. तुमचं हुकमी गाणं समोरच्याला कळलं, की तो ते आधीच वाजवून मोकळा होतो. म्हणून आम्ही रेकॉर्डच्या मधल्या गोल लेबलावर कागद चिकटवतो. माझ्या पेटीतल्या कुठल्या रेकॉर्डवर काय आहे, ते एकट्या मला माहीत असतं.

माईकवर माझा मोठा भाऊ शोगोदादा आणि गाणी निवडायला मी. मागच्या दोन्ही खेपांना आम्ही हरलो होतो. यंदा हरलो तर स्पीकर मोडीत काढायचे, असं दादानं जेवताना अगदी शांतपणे सांगितलं होतं. ते स्पीकरचे खोके आमच्या बाबांनी स्वतः करवतीनं कापून बनवलेले.

तेव्हा निशिकाझेचा हेर वाटणाऱ्या या संशयिताला मी दुकानातलं सगळ्यात गुळचट गाणं दिलं. कोहारू नावाच्या गायिकेचं. समुद्र, बर्फाचा गोळा आणि गॉगल लावलेला मुलगा.

"याच्याखाली चिठ्ठी नाही," तो म्हणाला.

आमच्या दुकानात आवडलेल्या रेकॉर्डखाली मी शिफारशीच्या दोन ओळी लिहून लावते. याच्याखाली लावावं असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"कालच आली आहे," मी ठोकून दिलं.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा हजर. त्याचं नाव रिन्पेई, माझं चिसातो, एवढी ओळख झाली. "गाणं गोड आहे," म्हणाला, "पण दुसऱ्या कडव्यात तिचा श्वास चुकतो आणि तिनं तो तसाच ठेवलाय. मला तेवढंच खरं वाटलं."

घरी जाऊन ऐकलं. खरंच चुकत होता. मला त्याचा भयंकर राग आला.

मग दर गुरुवारी तो यायला लागला आणि मी त्याला काही ना काही द्यायला लागले. ओकिनावाच्या एका म्हाताऱ्याचं, बेसच्या घुमत्या ठेक्यावर तीन तारांचं वाद्य छेडत गायलेलं गाणं. योकोहामाच्या बंदरात काम करणाऱ्या एकाचं, रुसलेल्या बायकोला समजावणारं. फसवायला निघालेली मी चांगली गाणी कधीपासून द्यायला लागले, ते माझं मलाच कळलं नाही. एकदा तो माझ्यासाठी बर्फाचा गोळा घेऊन आला. पेल्यात नुसतं हिरवं पाणी उरलं होतं.

"वाटेत वितळला," तो म्हणाला.

"की अर्धा खाल्लात?"

"तुम्ही माझ्यावर कशासाठीच विश्वास ठेवत नाही का?"

"गिऱ्हाइकावर ठेवते," मी म्हटलं. "तुमचं अजून ठरायचंय."

तो हसला. मग माझ्या हातातल्या कात्री-कागदाकडे पाहत सहज म्हणाला, "कागद चिकटवताना तुम्ही काय गुणगुणता? मागेही तेच होतं."

ते आमचं हुकमी गाणं होतं. साकाईच्या एका गायिकेचं, गच्चीवर वाळणाऱ्या कारखान्याच्या कपड्यांवरचं, अस्सल ओसाकाच्या बोलीतलं. काही नाही, असं म्हणून मी विषय तोडला.

त्याच रविवारी नाम्बा स्टेशनजवळ निशिकाझेचा टेम्पो उभा दिसला. हिरवा शर्ट घालून स्पीकर उतरवणारा माणूस रिन्पेई होता. त्यानंही मला पाहिलं. आम्ही दोघांनी सवयीनं वाकून नमस्कार केला आणि मी तशीच पुढे चालत राहिले.

नंतरच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्यासाठी शोधता शोधता सापडलेली एक रेकॉर्ड मी काउंटरवर काढून ठेवली होती. रागारागानं तिच्यावर कागद चिकटवला आणि ती पुढच्या वर्षासाठी पेटीत टाकली. नवं गाणं आम्ही लोणच्यासारखं मुरू देतो. दादाला मात्र यातलं काहीच सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे स्वतःला विचारायचंही टाळलं.

सुमाला भर दुपारी वाळू चटके देत होती. शेवटच्या फेरीपर्यंत आम्ही बरोबरीत होतो आणि पहिली पाळी त्यांची आली. समोर हिरव्या शर्टात रिन्पेई. आता तो आमचं गाणं लावणार आणि बाबांचे खोके जाणार... मी त्याच्या हाताकडे पाहत राहिले.

त्यानं सुई टेकवली. कोहारूचं गुळचट गाणं सुरू झालं आणि लोक हसायला लागले.

साउंडचं नाव घालून गायकाकडून गाणं पुन्हा गाऊन घ्यायची आमच्यात रीत आहे. अर्थात, स्वतःच्या साउंडचं नाव. पण कोहारू गात होती, "चिसातो, चिठ्ठी नसलेलं गाणं मला का दिलंस..."

सगळा किनारा वळून माझ्याकडे पाहायला लागला.

"कोण आहे हा?" दादानं माईक बाजूला धरून विचारलं.

"गिऱ्हाईक," मी म्हटलं.

हा डावच असणार. मी गोंधळावं म्हणूनच तर केलाय. मी पेटीतून आमची रेकॉर्ड काढली आणि सुई टेकवली. गच्चीवरच्या कपड्यांचं गाणं सुरू झालं, आणि किनाऱ्यावर असा ओरडा उठला की दादा माईकवर बोलायचंच विसरला. बाबांचे खोके वाचले.

मी स्पीकरच्या तारा गुंडाळत होते तेव्हा रिन्पेई आला. गळ्यातला ओला पंचा हातात पिळत उभा राहिला.

"डाव होता ना?" मी मान वर न करता विचारलं.

"आमच्या लोकांना डाव म्हणूनच सांगितलं."

"आणि मला काय म्हणून सांगताय?"

"पहिल्या दिवशी हेरायलाच आलो होतो," तो म्हणाला. "तुमचं गाणंही कळलं होतं. तुम्ही बेसूर गुणगुणता, पण ओळखू येतं."

"मग वाजवलं का नाहीत?"

"ते तुमच्या हातून ऐकायचं होतं." तो थांबला. "मला तुम्ही आवडता, चिसातो-सान. दुकानात यायचं बंद केलं ते लाजेनं."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. चोर शोधायची माझी सवय जाता जात नाही. पण पंच्यातून पाणी कधीच निथळून गेलं होतं आणि हा अजून पिळतच होता.

मी पेटीतून ती रेकॉर्ड काढली. त्याच्यासाठी शोधलेली, पुढच्या वर्षासाठी ठेवलेली. पंचा त्याच्या हातातून घेतला, समोरच्या पाण्याच्या बादलीत बुडवला आणि लेबलावर दाबून कागद अंगठ्यानं घासायला लागले. चांगला चिकटवलेला कागद लवकर सुटत नाही. त्यानं पुढे होऊन रेकॉर्ड दुसऱ्या बाजूनं धरली, कडेने.

"अगं वेडे, काय करतेस? तो निशिकाझेचा आहे," दादा लांबून ओरडला.

कागदाखालून नावाची अक्षरं वर येत होती. नाव दिसू नये म्हणून रिन्पेईनं डोळे मिटून घेतले होते.

"उघड डोळे," मी म्हटलं. "सुरुवात यानं कर."