कोळशाच्या कपाटाचं दार

आमच्या दुकानात कुठलंही भांडं हातोडीखाली जाण्याआधी बोटाखालून जातं. मधलं बोट मुडपायचं, पेरानं पत्र्यावर तीनदा ठोकायचं आणि कान द्यायचा. पत्रा कुठं पातळ झालाय, पोटात गाळ साचलाय का, सगळं तो तीन ठोक्यांत सांगतो. ही सवय मला आजोबांनी लावली आणि लावताना एक ओवीही शिकवली:

वाज वाज रे भांड्या, सांग पोटातलं गूज
रिता आहेस की भरला, माझ्या बोटाला उमज

बाबांनाही ओवी पाठ आहे. पण त्यांना ठोकताना मी जन्मात पाहिलेलं नाही. ते पत्रा तळव्यानं जोखतात, कधी गालाला लावून बघतात. "फार नाजूक बोट हो तुमचं," म्हणून आई त्यांना चिडवायची. बाबा हसायचे नाहीत.

त्या मंगळवारी एक पत्र आलं. युद्धाच्या काळात ओढ्यापलीकडच्या शेतात एक बॉम्बफेकी विमान पडलं होतं. आत पाच जण होते. त्यातल्या शेपटाकडच्या तोफेवर बसणाऱ्याची धाकटी बहीण आता सत्तरीला टेकली होती, आणि तिला ती जागा बघायची होती.

"एकच विचारायचं आहे," तिनं लिहिलं होतं. "माझा भाऊ लगेच गेला का? सरकारी पत्रात तसं लिहिलंय. आई त्या एका ओळीवर जगली. मला ती ओळ खरी आहे का ते कळायला हवं."

विमानापाशी सगळ्यात आधी बाबा पोचले होते. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं.

"लिही, सगळे लगेच गेले. उगाच येण्याची दगदग करू नका म्हणावं."

मी लिहिलं, या.

त्या विमानाच्या पत्र्याच्या बादल्या नि डाव अर्ध्या गावात आहेत. आमच्याकडे उरलंय ते एक दार. शेपटातून बाहेर पडायचं, कमरेएवढं. दुहेरी पत्रा, मधे चार बोटं पोकळी, कडेनं रिवेटांची ओळ. माझ्या जन्माआधीपासून ते कोळशाच्या कपाटाला लावलेलं आहे.

पत्राला उत्तर टाकून आले आणि एक बादली घेतली. तीन ठोके दिले. हातोडी उचलते तोवर बादलीतून तीन ठोके परत आले.

"घ्या," नवरा फुटक्या भांड्याला डाग देता देता म्हणाला, "आता बादल्याही उलट बोलायला लागल्या. तुझ्या हाताखाली राहून दुसरं काय शिकणार!"

मी हसले. दुसऱ्या दिवशी किटलीनं तेच केलं, मग दुधाच्या कॅननं. दर वेळी तीन, दर वेळी माझ्यानंतर, एका श्वासाचं अंतर ठेवून. मी असल्या गोष्टींना भीक घालणारी नाही. शेगडी लांब सरकवली. फळ्या उचकटून उंदीर आहेत का पाहिलं. कॅन अंगणात नेऊन दोरीला अधांतरी टांगला. तिथं ठोकलं, तर उत्तर कॅनमधून आलंच नाही. आत दुकानातून आलं.

नवऱ्यानं चेष्टा करायचं सोडून दिलं.

मी ठोकत ठोकत, कान देत देत सरकत गेले ती कोळशाच्या कपाटापाशी थांबले. दारावर बोट आपटलं. काठोकाठ भरलेला हंडा वाजतो तसा बद्द आवाज आला. बिजागऱ्या सोडवून दार हातावर तोललं. नेहमीसारखंच हलकं, सुपासारखं.

बाबा स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होते.

"बाबा, हे काय आहे?"

"पत्रा निवताना बोलतो, पोरी."

"पन्नास वर्षं झाली त्याला निवून."

ते उठून आत गेले.

रविवारी सकाळी दहाला त्या पत्रवाल्या मावशी आल्या. लहानखुऱ्या, हातात काठी, पदर घट्ट खोचलेला. मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. तसलं माझ्या घरी आहे, काच लावून भिंतीवर टांगलंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही.

"आग पुढच्या बाजूला होती," ते म्हणाले. "शेपूट आख्खं होतं. आतून कुणीतरी हाका मारत होतं. मी ह्या दारापाशी गेलो. असला पत्रा मी कधी बघितला नव्हता, मावशी. नितळ, पाण्यासारखा. बोट आपोआप गेलं. सवयीनं. तीन ठोके."

"मग?"

"आतून तीन आले. आणि हाका थांबल्या."

मावशींची काठी जमिनीवर जराशी सरकली.

"त्याला वाटलं असणार, आलं कुणीतरी. आता सोडवतील. म्हणून गप्प झाला, वाट बघत. आणि मी मनाशी म्हटलं, पत्रा निवतोय. पत्रा कापायची कात्री कमरेला होती माझ्या. धूर वाढला, मी पळालो. शिपायांनी दोन दिवसांनी कापून काढलं. आग शेपटापर्यंत आलीच नव्हती. धुरानं गेला. हात दाराला टेकलेले होते."

शेगडीतला एक कोळसा फुटला.

"वाजवा," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"त्या दिवशी वाजवलंत तसं."

बाबांनी बोट मुडपलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. ठक. ठक. ठक.

एक श्वास गेला.

ठक. ठक. ठक.

मावशींनी डोळे मिटले नाहीत. "आता उघडा," त्या म्हणाल्या.

मी छिन्नी आणली. बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"हे माझं काम आहे, पोरी. राहिलेलं."

नवऱ्यानं दार ऐरणीशी धरून ठेवलं. बाबांचा एकही घाव चुकत नव्हता. एकेक रिवेट तुटून फरशीवर घरंगळत होती. प्रत्येक घावाला ते पुटपुटत होते, "आलो. आलो रे. थांब, आलो."

दुपार झाली. आम्ही कुणी पाणीसुद्धा प्यायलो नाही.

शेवटची रिवेट तुटली.

दोन्ही पत्रे सुटे झाले. मधे काही नव्हतं. धूळही नाही. आतली बाजू कोरी, नितळ, कालच घडवल्यासारखी.

मग कडेपाशी, तळव्याएवढ्या जागी, पत्रा धुरकटला. आरशावर तोंडाची वाफ धरते तसा.

विरला.

"संपलं?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

बाबांनी बोट मुडपलं होतं. ते पत्र्यावर तसंच अधांतरी राहिलं. त्यांनी ठोकलं नाही.

वाफ परत धरली. विरली. परत धरली, भराभर, थोडी थोडी. हाका मारता मारता माणूस एकदम थांबतो आणि कान देतो, तेव्हा त्याचा श्वास असाच चालतो.