शिकाऊची वही

या मुलाचं एक वागणं मला मुळीच पटायचं नाही. यायचा माझ्या मुलीसाठी आणि बोलायचा माझ्याशी. काकू, गुडघा कसा आहे? काकू, नळाला पाणी आलं का? माझ्या गुडघ्यासाठी कोणी दोन बस बदलून येतं का? मुलगी समोर बसलेली, आणि हा घड्याळाकडे बघत माझ्याशी गप्पा मारतोय. मी काय दूधखुळी आहे?

सुरुवात झाली ती कारखान्यात. पंख्यांचा कारखाना. तिथे मोटरीत तांब्याची तार गुंडाळायची असते. केसाएवढी बारीक, जरा जास्त ओढली की तुटली. माझी मुलगी त्या कामात चार वर्षं मुरलेली, पण ठेक्यावर. दर अकरा महिन्यांनी ठेकेदार तिला कागदावर कमी करायचा आणि पंधरा दिवसांनी नवी म्हणून पुन्हा घ्यायचा. ते पंधरा दिवस ती घरी बसायची होय? कामावरच असायची. फक्त हजेरी लागायची नाही. आली नाहीस तर पुन्हा घेणार नाही, असा दम होता.

अशाच एका पंधरवड्यात हा आला — कायम नोकरीवर, कोरा निळा शर्ट घालून. त्याला काम शिकवायला कंपनीने कोणाच्या हाती दिलं? जी कागदावर नव्हतीच, तिच्या.

पहिल्या दिवशी त्याने अकरा वेळा तार तोडली. ही वैतागली. म्हणाली, तार आहे ती, दोरखंड नाही. तो म्हणाला, तुम्ही बघत असलात की हात थरथरतो. मग ही तोंड फिरवून उभी राहिली... आणि तार तुटली नाही. हे मला जेवताना कळायचं, रोज थोडं थोडं. तो हिला मास्तरीण म्हणतो म्हणे, आणि ही त्याला शिकाऊ. माझी नजर ताटात होती, कान मात्र तिच्याकडे.

वर्ष गेलं. शिकाऊ तरबेज झाला, युनियनमध्ये गेला. ती युनियन कायम कामगारांची. तिथे याने भांडण काढलं, की मला काम शिकवणारी बाहेर आणि मी आत, हा कुठला न्याय? महिनाभर डोकं खाल्लं तेव्हा ठेक्यावरच्यांनाही सभासद करून घ्यायचं ठरलं. पहिला अर्ज माझ्या मुलीने भरला. तिचं बघून आणखी अकरा जणींनी भरला. पुढच्या सोमवारी बाराही जणींना वॉचमनने गेटवरच अडवलं. तुमचा ठेका संपला म्हणाला.

तीन आठवडे पोरगी घरात. तिची बोटं रिकामी राहीनात, माझ्या शालीचे दोरे ओढत बसायची. तिची नोकरी गेली ते एक. पण आपल्यामुळे अकरा जणींची गेली, हे तिला आतून कुरतडत होतं. आणि हा रोज संध्याकाळी दारात. काकू, गुडघा कसा आहे...

तक्रार कामगार कार्यालयात गेली. ठेकेदाराने सरळ सांगितलं, या बायका दर वेळी नव्याने येतात नि जातात, मी कोणाला काढलंच नाही. युनियनचे जुने सेक्रेटरी म्हणाले, त्या पंधरा दिवसांत एकीनेही काम केल्याचा लेखी पुरावा मिळाला तर सगळं सोंग उघडं पडेल. हा निरोप सांगताना याचे कान लाल झाले. मुलीच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलगी बाहेर गेलेली असताना, तो आला. गुडघ्याचं नाव काढलं नाही. पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. नव्या माणसाने रोज काय शिकलो ते वहीत लिहायचं, खाली तारीख घालून सुपरवायझरची सही घ्यायची, असा तिथला नियम. सुपरवायझर न वाचताच सही ठोकायचा. शिकवणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवायला सांगितली होती. ही वही नंतर कंपनीत जमा करायची होती, पण याने हरवली म्हणून सांगितलं आणि बोलणी खाल्ली.

मला वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून एक पान वाचलं. दिवस तिसरा. तार ताणायला शिकलो. मास्तरणीने बोटावर फटका मारला. दुखलं नाही. उद्या पुन्हा चुकावं म्हणतो.

पुढे वाचायची गरज राहिली नाही.

तो म्हणाला, "काकू, हे सगळ्यांसमोर वाचतील. माझं हसं झालं तर होऊ दे. पण तिचंही होईल. ती नको म्हणाली तर मी ही वही देणार नाही."

मुलगी परत आली तशी वही मी तिच्या हातात दिली. ती खिडकीशी बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत राहिली. मध्येच हसली, मध्येच पदर डोळ्यांना लावला. तो दारातच उभा. मग वही मिटून ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "अक्षर भयंकर आहे."

"मास्तरणीने अक्षर शिकवलं नाही."

"उद्या ही द्यायची. आणि वाचतील तेव्हा माझ्याकडे बघायचं नाही."

"मग कुठे बघू?"

"घड्याळाकडे. सवय आहे ना."

कामगार कार्यालयातली अधिकारी बाई चष्म्यातून बघणारी, चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलणार नाही अशी. ती वही मोठ्याने वाचायला लागली. एकेक तारीख, एकेक सही. तार, वेटोळी, वॉर्निश, आणि प्रत्येक पानावर मास्तरीण. मागे बसलेल्या अकरा जणी तोंडात पदर कोंबून बसल्या. हा मानेपर्यंत लाल. मलाच कुठे बघावं ते कळेना.

ठेकेदार उठला. म्हणाला, ही मास्तरीण कोणीही असेल, नाव कुठे आहे? नाव खरंच नव्हतं.

बाईने पान उलटलं. वाचलं — दिवस नववा. तिच्या उजव्या भुवईवर एक जुनी खूण आहे. एरवी दिसत नाही. हसू दाबलं की ती भुवई एकटीच वर जाते. आज तीनदा गेली.

बाईने मान वर केली. आम्ही सगळ्यांनी केली. माझी मुलगी ओठ चावून जमिनीकडे बघत होती, आणि उजवी भुवई... एकटीच वर. लहानपणी उंबऱ्यावर पडली होती, तेव्हाची ती खूण. अधिकारी बाईच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. तिने पानावरची तारीख ठेकेदाराला दाखवली आणि विचारलं, या दिवशी ही मुलगी तुमच्याकडे नव्हती म्हणता? सुपरवायझरलाही बोलावलं होतं. सही आपलीच, असं त्याने कबूल केलं.

आठ दिवसांनी निकाल लागला. बाराही जणी कामावर, मधले सगळे पंधरवडे धरून नोकरी सलग, आणि युनियनमध्ये राहायला कोणी अडवायचं नाही. मी कार्यालयाच्या पायरीवर बसले नि जरा वेळ बसूनच राहिले. इतके दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कोणीतरी उचलून बाजूला केल्यासारखं वाटलं. अकरा जणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत हसत होत्या.

हा मुलीपुढे येऊन उभा राहिला. ती म्हणाली, "वहीत पंधरा पानं लिहिलीस. आता तोंडाने एक वाक्य."

तो म्हणाला. हळू म्हणाला, पण मला ऐकू आलं. ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. तिने मान हलवली... आणि त्याचा हात धरला, सगळ्यांसमोर.

मग तो माझ्याकडे वळला. काकू, तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणाला.

मी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्याला म्हणाले, "तू घाबरट आहेस. हात बघ, अजून थरथरतोय. पण घाबरत घाबरत का होईना, बारा जणींसाठी भरल्या खोलीत स्वतःचं हसं करून घेतलंस. आणि तेही आधी हिला विचारून. हिला तू पहिल्यापासून हवा होतास. मला नव्हतास. आता मलाही चालशील."