पुढच्याचं मागच्याला ऐकू येतं

कुणाला मनसोक्त शिव्या घालायच्या तर एली गावाच्या पुढचा रस्ता उत्तम. दोन्ही बाजूंना सपाट काळी शेतं, मधून सरळसोट डांबर आणि ऐकायला चिटपाखरूही नाही... असं निदान अक्षयाला वाटत होतं. गेल्या एप्रिलमध्ये ती केंब्रिजहून किंग्ज लिनला सायकलवर एकटीच निघाली होती, कारण बरोबर यायचं कबूल केलेल्या तनूने, म्हणजे तिच्या फ्लॅटमेटने, ऐन वेळी टांग दिली होती. समुद्राकडचा गार वारा थेट तोंडावर येत होता. अक्षयाने आधी वाऱ्याचा, मग तनूचा आणि शेवटी आपल्या मॅनेजरचा खास पुणेरी शब्दांत मोठ्याने उद्धार केला. मग समाधानाने पाणी प्यायला थांबली, तर मागे कुणीतरी करकचून ब्रेक दाबले.

"सॉरी! रिअली सॉरी!" एक उंच मुलगा सायकल सावरत म्हणाला. हेल्मेटखालून कुरळे केस बाहेर आले होते. मग जरा घुटमळून, "पण... तो मॅनेजर खरंच एवढी वाईट आहे?"

अक्षयाचे कान तापले. "तू मराठी आहेस? कधीपासून आहेस मागे?"

"एलीचा ब्रिजपासून. तुझा मागे वाराच लागत नाही. सो नाइस."

"कुणाच्या चाकामागे असं लपून यायच्या आधी विचारतात!"

"विचारलं ना, ओरडून. पण समोरून वारा असला की मागच्याचं पुढे जात नाही." तो हसला. "पुढच्याचं मात्र मागे येतं. सगळं."

त्याचं नाव कुश. जन्म साउथहॅम्प्टनचा, आईवडील तिथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर. हा एलीच्या शाळेत भूगोल शिकवत होता. त्या दिवशी उरलेल्या वाटेवर त्याने तिला सायकलवाल्यांची रीत शिकवली. पुढच्याने वारा झेलायचा, मागच्याने दम खायचा आणि पुढचा थकला की त्याने कोपर हलवायचं. मग मागच्याने पुढे यायचं. यात उपकार कुणाचे नाहीत आणि आभारही नाहीत.

पुढचं वर्ष या रीतीनेच गेलं. लिंकन झालं, नॉरिच झालं, ईस्टरच्या सुट्टीत तंबू घेऊन आठवडाभराचा समुद्रकिनारा झाला. तिच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असायची, त्याच्या पिशवीत फ्लॅपजॅक, म्हणजे ओट्सच्या गोड वड्या. शेवटचा तुकडा तो कधीच घ्यायचा नाही. हळूच तिच्या बाजूला सरकवायचा आणि दुसरीकडे बघायचा. एकदा पावसात एका बसस्टॉपवर दोघं अडकले, तेव्हा त्याने आपल्या रुमालाने तिचा चष्मा पुसून दिला. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवताना त्याचा हात तिच्या कानाशी जरासा जास्तच रेंगाळला... आणि मग दोघांनीही हवामानाबद्दल फार बारकाईने चर्चा केली. प्रेमात पडल्याचं अक्षयाला तिथेच कळलं होतं. पण ते तोंडाने म्हणायचं तर कोपर कुणी हलवायचं, याची रीत कुणी शिकवली नव्हती.

आणि मग पुण्याच्या ऑफिसातून बढती आली. आख्खी टीम तिच्या हाताखाली. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं. व्हिसा अजून दोन वर्षांचा होता, त्यामुळे जायलाच हवं असं नव्हतं. राहायला फक्त एक कारण हवं होतं आणि ते कारण शनिवारी दुपारी एलीच्या कॅफेत तिच्यासमोर चहा पीत बसलं होतं.

"काँग्रॅच्युलेशन्स," कारण म्हणालं. "यू डिझर्व्ह इट."

"बस? एवढंच?"

"म्हणजे... व्हेरी गुड." आणि साखर न घातलेला चहा तो कितीतरी वेळ ढवळत राहिला. अक्षयाला त्याचा चमचा हिसकावून घ्यावासा वाटला.

दोघं निघाले. तोच रस्ता, तीच काळी शेतं, वाराही तोच, तोंडावर. कुश पुढे झाला, आणि पुढेच राहिला. कोपर काही हलेना. पंपिंग स्टेशन गेलं, कालव्यावरचा पूल गेला, त्याचे खांदे खाली आले, तरी हलेना. अक्षया चिडली. आपण काय काचेच्या आहोत?

"कुश! आता माझा नंबर!" ती ओरडली. वाऱ्याने ते तिच्याच तोंडात परत कोंबलं.

तेवढ्यात पुढून काहीतरी आलं.

"अक्षया... माझी प्रेम आहे तुझ्यावर." मग थांबून, "नो. माझा प्रेम. ओह गॉड."

तिचे पाय क्षणभर थांबले आणि सायकल हेलपाटली. तिने घाईघाईने पुन्हा त्याचं चाक गाठलं. एवढी धडपड तिने कुठल्याच चढावर केली नव्हती.

"अक्षया, पुणे इज लव्हली. पण तू जाऊ नको." पुन्हा थांबला. "नको, हे सेल्फिश आहे... अक्षया, तू जा. पाहिजे तर जा. पण मला आवडणार नाही. अजिबात." मग त्याने मान खाली घालून जोरात पेडल मारलं. "तू नसलास तर मी कोणाचा मागे बसू?"

मागे अक्षयाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि या वेळी दोष वाऱ्याला देता येत नव्हता, कारण तिला वारा लागतच नव्हता. आनंद एवढा झाला होता की तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने नाक पुसलं, गिअर बदलला, रीतभात गुंडाळून ठेवली आणि कोपराची वाट न बघता त्याला ओलांडून पुढे गेली. वारा धाडकन अंगावर आला.

मागे न बघता ती बोलायला लागली.

"सोमवारी मी नाही म्हणून कळवणार आहे. बढती इथेही मिळेल, नाही मिळाली तर भांडून घेईन. मलाही तू हवा आहेस, बसस्टॉपवर चष्मा पुसलास ना, तेव्हापासून. फक्त हे माझ्या आईला तू सांगायचं. मराठीत! हसली तर हसू दे तिला." श्वास घ्यायला ती थांबली. "आणि हे सगळं मला मागे ऐकू येतंय, हे तुला ठाऊक होतं की नव्हतं?"

उत्तर आलं नाही. येणारच नव्हतं. मावळतीचं ऊन पाठीवर होतं आणि रस्त्यावर पुढे तिची एकटीचीच लांब सावली पळत होती. मागे पडला की काय हा?

मग त्या सावलीशेजारी दुसरी एक आली. कुश धापा टाकत बरोबरीला आला. त्याचे कान लालभडक झाले होते.

"फर्स्ट हाफ मला लक्षात नव्हतं," तो म्हणाला.

"आणि सेकंड हाफ?"

"सेकंड हाफ मी जरा मोठ्याने बोललो."

ती हसत सुटली. शेजारी शेजारी सायकल चालवली तर वारा दोघांनाही सारखाच लागतो, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. किंग्ज लिनपर्यंत कुणीच मागे गेलं नाही.