या प्रदेशात न चालणारी डिस्क

दुकानदाराने डिस्क उजेडात धरली, फुंकर मारली, पुन्हा प्लेअरमध्ये सरकवली. पडद्यावर तीच ओळ उमटली — ही डिस्क या प्रदेशात चालणार नाही.

"बाई, डिस्क ठणठणीत आहे. प्लेअरही ठणठणीत. दोघांचं जमत नाही, त्याला मी काय करू?"

मागे बिघडलेला रिमोट घेऊन उभा असलेला माणूस फिसकन हसला. तिने वळून असं काही पाहिलं, की त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"माफ करा... तुम्हाला नाही हसलो. मी ग्रंथालयात सिनेमांचा विभाग सांभाळतो. कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडलेत. एका तुकड्यात घेतलेली डिस्क दुसऱ्यात मुकी."

"मला सिनेमा नकोच आहे," ती म्हणाली. "त्यातला एक माणूस हवाय."

आणि काउंटरला टेकून तिने ते सगळं एका परक्या माणसाला सांगून टाकलं. बाहेरच्या देशातून शूटिंगला आलेल्या मंडळींची गाडी तिचे बाबा चालवायचे. ती दीड वर्षाची असताना ते गेले. फोटो होते, पण फोटोतला माणूस चालत नाही. दिवसभर पेशंटना पाऊल टाकायला शिकवणाऱ्या तिला स्वतःच्या बाबांची चाल माहीत नव्हती. त्या मंडळींचा सिनेमा इथे कधी आलाच नाही. आईच्या परदेशातल्या मैत्रिणीला तो गेल्या महिन्यात सापडला. 'यात तो दिसतो गं,' असं लिहून तिने डिस्क पाठवली होती.

ग्रंथपाल रिमोट काउंटरवर ठेवून पुढे आला. मग म्हणाला, "रविवारी सकाळी आईंना घेऊन या. माझ्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा प्रदेश बदलता येतो."

"चालेल नक्की?"

"चालवणं तर तुमचंच काम. मी फक्त बटण दाबणार."

तिला हसू आवरलं नाही.

रविवारी त्याच्या खोलीत आई मांडीवर पर्स घट्ट धरून बसली. भिंतभर डिस्कच डिस्क. त्याने सेटिंग उघडलं, ती त्याच्या खांद्यावरून वाकली. बदल शिल्लक : एक. यानंतर प्रदेश कायमचा पक्का होईल.

"थांबा! मग तुमच्या या सगळ्या डिस्क यावर परत चालणारच नाहीत...?"

"पाचच वेळा बदलता येतो. चार माझ्या हौसेपायी गेले."

"आणि पाचवा माझ्यासाठी? का?"

"आत्ता नका ना विचारू," तो पडद्याकडेच बघत म्हणाला. "भलताच प्रदेश निवडला जाईल माझ्याकडून..."

त्याने बटण दाबलं.

नायक-नायिका कशावरून तरी भांडत होते. त्यांच्या मागे एक गाडी थांबली. फडक्याला हात पुसत एक सडपातळ तरुण उतरला आणि रस्ता ओलांडून गेला. अकरा सेकंद.

"बघ, बघ कसा चालतोय! रस्ता जणू याच्या बापाचा," आई म्हणाली आणि तिने रुमाल तोंडावर धरला.

डावं पाऊल किंचित बाहेर पडत होतं. तिची डावी चप्पलही कायम त्याच बाजूने झिजायची... कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिने काही म्हणायच्या आत त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. मग पुन्हा. तिचा हात केव्हा त्याच्या मनगटावर गेला, दोघांनाही कळलं नाही. कळल्यावरही तो तिथेच राहिला.

आई तोंड धुवायला आत गेली.

"आता या कुठे बघणार?" तिने भिंतीकडे मान वळवली.

"ग्रंथालयात. तिथला प्लेअर यांच्याच प्रदेशाचा आहे. वाचक गेले की संध्याकाळ मोकळीच असते."

"एकटेच?"

"आतापर्यंत तरी..." तो अडखळला. "तुम्ही याल?"

"किती आहेत?"

"तीनशे. आठवड्याला एक धरली तर जवळजवळ सहा वर्षं." तो घाईघाईने म्हणाला, "दोन धरल्या तर तीनच—"

"एकच धरा," ती म्हणाली.