पहिल्या किकला

यातली माणसांची नावं तेवढी बदलली आहेत. बाकी काहीही बदललेलं नाही. मी तिथे होते, हातात बॅटरी धरून उभी होते. त्यामुळे कुणी मला भास झाला म्हटलं, तर मी वाद घालत नाही... फक्त विषय बदलते.

गाव कापडे, पोलादपूरपासून आत. गेल्या वर्षी गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, त्या दिवशीची संध्याकाळ. रात्र नव्हती. नुकती दिवेलागण झाली होती.

मी महाडला असते. सणाला माहेरी आले होते. घरात आई आणि माझा धाकटा भाऊ रितेश. रितेशला गाड्यांमधलं बरंच कळतं. वाडीतल्या कुणाचीही बाईक बंद पडली की त्यालाच हाक.

शेजारचं घर सहदेवदादांचं. त्या वर्षी त्यांच्याकडे गणपती नव्हता. आषाढात, लावणीच्या दिवसांत, मैनावहिनी गेल्या होत्या.

बांधावर साप चावला. दादांनी त्यांना उचलून ओट्यावर आणलं आणि बाईक काढली.

बाईक चालू झाली नाही.

पाऊस कोसळत होता. वाडीत त्या वेळी दुसरी गाडी नव्हती. दादा किक मारत राहिले. चोक ओढला, प्लग काढून पुसला, परत लावला, रिझर्व्हला टाकून पाहिली. टाकी उघडून बघायचं त्यांना सुचलं नाही, कारण सकाळीच पोलादपूरला भरली होती. शेवटी माणसांनी वहिनींना खांद्यावर घेऊन मोठ्या रस्त्यावर नेलं. टेम्पो मिळाला. पण महाड यायच्या आधीच सगळं संपलं.

दुसऱ्या दिवशी स्मशानातून परत आल्यावर दादांनी बाईकला किक मारली.

पहिल्याच किकला चालू झाली.

तेव्हापासून दादा रोज संध्याकाळी ती बाईक खोलून बसायचे. त्या दिवशी काय चुकलं, ते शोधायचे. आई म्हणायची, "त्याला वाटतं, त्यालाच नीट जमलं नाय. म्हणून बाय गेली."

सणाच्या त्या दिवसांत मला एक गोष्ट जाणवली. दिवे लागले की दादांच्या पडवीतून किकचा आवाज यायचा...

खट्... खट्... खट्...

नुसती किक. मागे इंजिनचा आवाज नाही.

मी रितेशला म्हटलं, "दादा किती किक मारतात रे."

तो खाली मान घालून म्हणाला, "दादा रानात हायेत, ताई. अजून आले नाय."

मी खिडकीतून पाहिलं. पडवीत बाईक उभी होती... जवळ कुणीच नव्हतं.

विसर्जनाच्या संध्याकाळी दादा स्वतः आमच्या दारात आले. हात ग्रीसने काळे झालेले.

"रितेश, जरा येतोस का रे? आज परत तसंच करतेय."

रितेश जागेवरून उठेना. "उद्या सकाळी बघतो, दादा."

"उद्या सकाळी ती आपसूक चालू होईल. मला आता काय झालंय ते बघायचं हाय."

मग तो उठला. मला म्हणाला, "ताई, तू पन चल." त्याचा आवाज मला बरा वाटला नाही.

पडवीतला दिवा मिणमिणत होता. मी बॅटरी धरली. रितेशने प्लग काढला, इंजिनला टेकवून किक मारली. ठिणगी निळी, चांगली पडली. एअर फिल्टर साफ होता. मग त्याने कार्बोरेटर सोडवला.

आत एक थेंबही पेट्रोल नव्हतं.

दादांनी टाकीचं झाकण उघडलं. मी आत बॅटरी मारली. टाकी काठोकाठ भरलेली. पेट्रोल चकाकत होतं.

रितेशने टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू केला, खाली नळी मोकळी सोडली.

काही आलं नाही...

नळीत फुंकर मारली. वारा आरपार गेला. कुठे कचरा अडकलेला नव्हता. टाकी भरलेली, नळी मोकळी, आणि तरी खाली काही उतरत नव्हतं.

"तोंडानं ओढून बघ," दादा सहज म्हणाले.

रितेशने नळी तोंडाजवळ नेली. पण ओठांना लावेना. मला वाटलं, वासाने असेल.

तेवढ्यात घरातून आवाज आला. दमलेला, हळू... अगदी दाराआडून.

"झाली का रे चालू?"

घरात कुणी नव्हतं. दादा एकटेच राहायचे. आत दिवासुद्धा लावलेला नव्हता.

रितेशच्या हातातून नळी गळून पडली. त्यानेही ऐकलं होतं. दादा मात्र टाकीतच बघत होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी कशीबशी म्हटलं, "दादा... आत कोण आहे? कुणीतरी विचारलं, झाली का रे चालू."

दादांनी टाकीवरून मान वर केली.

"त्या दिवशी ओट्यावर पडून ती हेच विचारत होती," ते म्हणाले. "सारखं. झाली का ओ चालू... पन मला ती ओ म्हनायची. रे कधी म्हनली नाय."

मैनावहिनी वाडीत एकट्या रितेशलाच हक्काने 'अरे, रे' करायच्या. तो लहान असल्यापासून.

रितेशने खाली पडलेली नळी उचलली.

"दादा, गाडीत काय दोष नव्हता," तो म्हणाला. "पेट्रोल मी काढलं होतं."

मग त्याने सगळं सांगितलं. वहिनी गेल्या त्या दुपारी त्याला मित्राकडे महाडला जायचं होतं. त्याची गाडी कोरडी होती. दादा रानात. त्याने नळी लावून तोंडाने ओढलं आणि टाकी रिकामी केली. येताना कॅनमधून पेट्रोल आणून परत ओतायचं ठरवलं होतं. आणलंही. पण पावसात यायला उशीर झाला, आणि वाडीत शिरला तेव्हा माणसं वहिनींना घेऊन निघून गेली होती. घाबरून त्याने काळोखात ते पेट्रोल दादांच्या टाकीत ओतलं.

"तवापासून मी पाणी पितो, तरी तोंडात पेट्रोलच येतं," रितेश म्हणाला.

मला वाटलं, दादा त्याला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ते नुसते म्हणाले, "म्हंजे माझं काय चुकलं नव्हतं?"

"नाय, दादा."

दादांनी मान हलवली. गुडघ्यावर बसून एकेक भाग परत जोडला. नळी लावली, किक मारली.

बाईक लगेच चालू झाली.

त्यांनी ती बंद केली, हात पुसले आणि आत गेले. दार लावून घेतलं.

आम्ही दोघं तिथेच उभे. आणि आतून दादांचा आवाज आला. कुणाची तरी समजूत काढावी, तसा...

"ऐकलंस ना गो? गाडी बरी होती."

मग शांतता. कुणीतरी उत्तर देत असावं, एवढीच.

"नाय गो. पोर हाय तो."

परत शांतता. या वेळी जास्त वेळ.

"नको. त्याच्याकडं नको जाऊस."

रितेशने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

दादांनी ही गोष्ट वाडीत कुणालाही सांगितली नाही. आजही रस्त्यात दिसला की ते रितेशची विचारपूस करतात. त्यांची बाईक आता नीट चालते. पडवीत किकचा आवाज येत नाही.

रितेशने मात्र स्वतःची गाडी विकून टाकली. तो एसटीने फिरतो. दिवेलागणीला घरात एकटा बसत नाही, आणि आई कुठे गेली असेल तर मला महाडला फोन लावतो. बोलत काहीच नाही. फोन नुसता चालू ठेवतो.

वहिनींनी दादांचं ऐकलं का, असं मी त्याला एकदा तसाच फोन चालू असताना विचारलं.

त्याने फोन ठेवला नाही. पलीकडून फक्त त्याने पाण्याने चूळ भरल्याचा आवाज आला.