उन्हात ठेवलेली हार्ड डिस्क

लोणच्याची बरणी उन्हात ठेवायला गच्चीवर गेले, तर आमच्या खाटेवर एक चपटा डबा आधीच पहुडलेला. खाली टॉवेल, वरून मलमलचं फडकं. तान्ह्या बाळाचे करावेत तसे लाड.

"हात नका लावू... प्लीज. धूप खातेय ती."

मागे तळमजल्यावरचा अच्युत उभा होता. बाबांची बदली झाली आणि आम्ही इकडे हिंदी मुलखात, अवधपुरीत राहायला आलो, तेव्हापासून तो जिन्यात दिसायचा, हसायचा आणि घाईघाईने सटकायचा.

"मराठीत ऊन खातात," मी म्हटलं. "आणि ती म्हणजे कोण?"

"हार्ड डिस्क. मामाच्या जुन्या कॉम्प्युटरची. थंडीने आतलं तेल घट्ट झालंय बहुतेक. चकती फिरतच नाही."

"मग फोडणी देऊन बघा."

तो हसला... आणि जानेवारीचं ते कोवळं ऊन मला एकदम जास्तच आवडायला लागलं.

मग रोज माझी बरणी आणि त्याची डिस्क शेजारीशेजारी. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. त्याच्या खोलीत तो कॉम्प्युटर होता, आमच्या जन्माआधीचा, कीबोर्डच्याच पोटात सगळं यंत्र असलेला. मागून निघालेली जाड वायर डिस्कला जोडायची.

"आधी डिस्क सुरू करायची, मग हा," अच्युत समजावायचा. "नाहीतर ती समोर असूनही याला दिसत नाही."

"काही माणसांचंही तसंच असतं," मी म्हणायचे. त्याचे कान लाल व्हायचे. पुढे काही नाही. असा माणूस!

एका दुपारी त्याने सांगितलं, बंगळूरला जुन्या कॉम्प्युटरांचं एक संग्रहालय होतंय. ही डिस्क जोडून कॉम्प्युटर चालल्याचा व्हिडिओ रविवारपर्यंत पाठवला, की तिथली नोकरी पक्की.

म्हणजे डिस्क चालली तर तो जाणार होता.

रविवारी त्याने उन्हातून आणलेली डिस्क जोडली. व्हिडिओ सुरू करून मोबाइल माझ्यासमोर धरला आणि डिस्कचं बटण दाबलं. टक... टक... आणि शांतता. त्याने डबा हलवला, अगदी जपून जपून. पुन्हा तेच.

"राहू दे यार," तो म्हणाला. "नाही होणार."

मी नुसती गप्प बसले असते, तर तो इथेच राहिला असता. पण त्याचं ते उतरलेलं तोंड मला बघवेना. मी डबा दोन्ही हातांत धरला आणि घट्ट झाकण फिरवावं तसा मनगटाने एक झटका दिला.

आत बारीकशी गुणगुण सुरू झाली, चढत गेली. मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पडद्यावर निळा उजेड पसरला, अक्षरं उमटली.

अच्युतने व्हिडिओ थांबवून मोबाइल खाली ठेवला.

"तुला माहीत होतं ना, ही चालली तर मी जाणार?"

"हो."

"मग?"

"तू इथे हिरमुसून बसण्यापेक्षा तिकडे खूश असलेला बरा. आणि... मला तू आवडतोस. जायच्या आधी सांगून टाकलं, बस."

त्याने खाली मान घालून व्हिडिओ पाठवला. थोड्याच वेळात संग्रहालयाकडून उत्तर आलं. ते वाचून तो कानापर्यंत लाल झाला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

'मशीन चालतंय, छान. पण पडदा जरासाच दिसला. बाकी सगळ्या व्हिडिओत ही मुलगीच आहे. कोण आहे?'

"काय लिहू?" अच्युतने विचारलं. "मला काय लिहावंसं वाटतंय ते पक्कं आहे... पण तुला चालेल की नाही..."

मी मोबाइल घेतला. 'होणारी बायको' असं लिहिलं आणि त्याच्यासमोर धरला.

त्याने ते दोनदा वाचलं. मग माझा हात हातात घेतला आणि माझ्याच बोटाने ते पाठवून दिलं.

वरून आई हाका मारत होती. मी ओ दिली, पण जागची हलले नाही.