गळती बंद

बाबांच्या जुन्या गाडीचा पाण्याचा पंप गळतोय हे कळल्यावर आनंद व्हावा असं माणूस जगात एकच होतं : त्यांची लेक. पेशाने दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या जबड्यांत वाकून झालं, की तिला गॅरेजमध्ये बॉनेटखाली वाकायची घाई. "दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून हिचं भागत नाही," असं बाबा म्हणायचे.

अलीकडे मात्र बाबा फारसं काही म्हणतच नसत. आई गेल्यापासून त्यांनी घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. खिडकीतली खुर्ची, वर्तमानपत्र आणि विचारलं तर 'हं'. बाप डोळ्यांदेखत मिटत चाललाय, हे तिला दिसत होतं आणि तिच्याकडे त्यावर औषध नव्हतं. मग एका सकाळी ते आपणहून म्हणाले, "ठमे, गाडी चालू झाली तर टेकडीवर जाऊन येऊ." तिच्या हातातली कपबशी पडायचीच बाकी राहिली. या एका वाक्यासाठी तिने अख्खं इंजिन सोडून पुन्हा बांधलं असतं. इथे तर नुसता पंप होता.

पंप निघाला तो रडतखडत. शेवटचा बोल्ट गंजून मुरला होता. तो तिने अक्कलदाढ काढतात तसा थोडा इकडे, थोडा तिकडे, असा चुचकारत काढला. आतल्या पंख्याच्या पात्यांवर पांढऱ्या क्षाराचे थर चढले होते. ते खरवडायला दवाखान्यातली जुनी हत्यारं कामी आली. शाफ्टवर, जिथे सील टेकतं तिथेच, नखाला लागेल असा चरा पडला होता. गळतीचं मूळ तिथे होतं. लेथवाल्याने नवा शाफ्ट कातून दिला, बेअरिंग आणि सील प्रेसवर बसवून दिलं आणि पंप तिच्या हातात ठेवत म्हणाला, "आता चिक्कू माणूस झालाय हा. एक थेंब सोडायचा नाही."

घरी आल्याआल्या तिने परीक्षा घेतली. पंपाची खालची तोंडं बुचांनी बंद केली, वरून काठोकाठ पाणी भरलं, खाली कोरा कागद पसरला आणि ती जेवायला गेली. परत येऊन बघते तो कागद कोरडा ठणठणीत. "जमलं!" ती इतक्या जोरात ओरडली, की शेजारच्या छपरावरचं मांजर उडालं.

मग तिने पंपात डोकावून पाहिलं. आतही थेंब नव्हता.

वर पत्रा आहे, बाहेर ऊन आहे, वाफ झाली असेल, असं तिने ठरवलं. शेजारच्या वाटीतलं रॉकेल मात्र होतं तेवढंच होतं. आणि जेवायला जाण्यापूर्वी हात पुसून टाकलेलं ओलं फडकं पुठ्ठ्यासारखं कडक झालं होतं. पण आनंदात असलेल्या माणसाला शंका काढायला फुरसत नसते. तिने फडकं झटकलं आणि पंप गाडीजवळ नेला.

संध्याकाळी बाबा चक्क गॅरेजमध्ये आले. गाडीत बसले, स्टिअरिंग फिरवून पाहिलं, भोंगा वाजवला. ती गॅस्केट कापत होती. बाबा उतरले ते तडक नळापाशी गेले आणि ओंजळीने पाणी पीत राहिले. "काय घसा सुकलाय गं!" तिचाही सुकला होता. पण बाबा आपल्या पायांनी गॅरेजपर्यंत चालत आले, याचाच तिला एवढा हर्ष झाला होता, की बाकीचं डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

रविवारी सकाळी तिने पंप बसवला. समोरासमोरचे बोल्ट जोडीजोडीने आवळले, पट्टा चढवला. तोवर बाबा केस विंचरून, इस्त्रीचा सदरा घालून गाडीत जाऊन बसलेही होते.

"ठमे, आटप! सूर्य मावळेल."

"अहो बाबा, आत्ता कुठे उगवलाय!"

पण तीच कुठे कमी उतावळी होती? हात पुसले न पुसले आणि तिने किल्ली फिरवली. इंजिन खाकरलं आणि मग असं मऊ, एकसुरात बोलायला लागलं, की दोघं एकमेकांकडे बघून हसले.

टेकडीचा रस्ता चढाचा होता. तिची नजर सारखी तापमानाच्या काट्यावर जात होती. काटा मधोमध, जराही हलला नाही. बाबांना तर कंठच फुटला होता. आईला पहिल्यांदा गाडीत बसवलं तेव्हा गिअर कसा अडकला, पुढच्या वळणावर कुणाच्या बागेतले पेरू दोघांनी कसे पळवले, सगळं सांगत होते. आवाज घोगरा झाला तरी थांबेनात. ती पोट धरून हसली आणि हसताहसता तिचा ओठ फुटला. जिभेने चाचपला, तर जीभही खरखरीत लागली.

माथ्यावर तिने इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं, पंपाखालून बोट फिरवलं. कोरडं!

"बाबा, गळती बंद!"

"शाबास!" आतून आवाज आला. "आता जरा पाणी दे."

दारातल्या कप्प्यात बाटली होती. झाकणाचं सील तुटलेलं नव्हतं. बाटली रिकामी होती आणि तिच्या कुशी आत ओढल्या गेल्या होत्या.

"गाडीला पाजलंस ना आधी?" बाबांनी विचारलं. "तुझी आई आधी हिला पाजायची, मग आपल्याला. मी काय हसायचो तिला!"

ती जागच्या जागी थांबली.

गॅरेजच्या दारात भरून ठेवलेला कॅन तिच्या डोळ्यांसमोर आला. तो तिथेच राहिला होता. पंप बसवल्यावर रेडिएटरमध्ये तिने पाणी घातलंच नव्हतं.

फडकं धरून तिने रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफ आली नाही. तिने आत पाहिलं.

पाणी काठोकाठ होतं. नितळ, अंगाइतकं कोमट.

त्यातलंच थोडं बाबांना द्यावं, असं मनात आलं आणि त्या विचारानेच ती दोन पावलं मागे सरली.

आसपास चिटपाखरू नव्हतं. खाली जायला रस्ता एक आणि वाहनही एकच.

"बाबा, उतरा. सावलीत बसू."

"छे! आत्ता कुठे मजा येतेय. अजून एक वळण, ठमे." कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा इतका खुललेला तिने पाहिला नव्हता. ओठांना भेगा पडल्या होत्या.

तिने त्यांचा हात हातात घेतला आणि सवयीने मनगटामागची कातडी चिमटीत धरून सोडली. अंगात पाणी असलं, तर सोडलेली कातडी लगेच सपाट व्हायला हवी. ती झाली नाही. घडी तशीच उभी राहिली.

"काय गं, चिमटे काय काढतेस?" बाबा हसले.

मग तिने स्वतःच्या हाताची कातडी चिमटीत धरली आणि सोडली.

ती घडीही मोडली नाही.